टाकी, धरण, भट्टी : सॉल्व्ह_आयव्हीपीला आपलं समीकरण नीट कसं सांगायचं?

#१ मार्कंडेय_काठ
नमस्कार मंडळी. पायथनमधल्या सायपायच्या सॉल्व्ह_आयव्हीपीला (बदलाच्या वेगाचं समीकरण स्टेप-स्टेपनं सोडवणारं फंक्शन, म्हणजे सॉल्व्हर) आपलं स्वतःचं समीकरण द्यायचं आहे. सुरुवातीला मुद्दाम हातानं सुटणारा प्रश्न घेतलाय, म्हणजे ताळा करता येईल. जमलं की राकसकोप, हिडकल या धरणांकडे वळू.

टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर, पाणी १ मीटर, खाली २५ मिलिमीटर व्यासाचं भोक, विसर्ग गुणांक ०.६. पाण्याची उंची उतरण्याचा वेग = −के × उंचीचं वर्गमूळ. के = ०.६ × ०.०००४९०९ × ४.४२९ = ०.००१३०४६. फंक्शन असं (नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत):

डेफ उतार(वेळ, वाय, के):
    उंची = वाय[०]
    रिटर्न [-के * एनपी.एसक्यूआरटी(उंची)]

कालावधी ० ते २००० सेकंद. अडचणी तीन. आर्ग्जमध्ये (फंक्शनला जादा किमती पोचवायची जागा) के दिला की टाइपएरर येतो. तो भाग ग्लोबल करून टाळला, तर १५०० सेकंदांच्या पुढे वर्गमूळाचा इशारा येतो आणि स्टेटस −१ मिळतो. निरोप असा की लागणारी स्टेप दोन आकड्यांमधल्या अंतरापेक्षाही लहान आहे. तिसरी अडचण, हे सगळं एका क्लासात नीट बसवायचं कसं? आत्ता पसारा झालाय.

#२ शून्य_भागिले
पहिल्या अडचणीचं औषध एक स्वल्पविराम. आर्ग्जला टपल लागतो. कंसात एकटा के लिहिला तर तो केच राहतो, टपल होत नाही. कंसात के आणि मागे स्वल्पविराम द्या.

आणि लक्षात ठेवा, आर्ग्ज दिलं की तेच आर्ग्युमेंट इव्हेंटच्या (ठरावीक क्षण आला का ते बघणाऱ्या) फंक्शनलाही जातं, जेकोबियनलाही (समीकरणाचे उतार देणारं फंक्शन) जातं. उतारमध्ये के घेतला आणि इव्हेंटमध्ये घ्यायला विसरलात की पुढचा टाइपएरर तयार.

#३ बेळगावी_कुंदा
#१ मधला कोड कुणी तसाच चिकटवू नका हं. पायथन ३ व्हेरिएबलचं नाव देवनागरीत घेतो, त्यामुळे उंची आणि वेळ चालतील. पण डेफ आणि रिटर्न रोमनच लागतात, आणि वाय[०] मधला देवनागरी शून्य सरळ सिंटॅक्स एरर देतो. गंमत म्हणजे तेच आकडे अवतरणात घालून इंट फंक्शनला दिले तर तो '१२' चे बारा बिनतक्रार करून देतो.

#४ चिकोडी_ऊस
अवांतर: 'गुऱ्हाळ' नावाचा व्हेरिएबल करू नका. ऱ्ह टंकायच्या दोन तऱ्हा आहेत. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि वर एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पायथन मात्र त्या अदृश्य चिन्हावर अडतो. गुळाचा प्रश्न असेल तर 'काहील' लिहा की.

#५ गोकाक_करदंट
दुसऱ्या अडचणीकडे येऊया. डीफॉल्ट पद्धत आरके४५. ती पुढची स्टेप घेण्याआधी मधल्या अनेक बिंदूंवर तुमचं फंक्शन बोलावून बघते. टाकी रिकामी व्हायला आली की त्यातला एखादा बिंदू उंची उणे धरतो. उणे संख्येचं वर्गमूळ म्हणजे नॅन ('ही संख्याच नाही' अशी खूण), नॅन आला की स्टेपमध्ये किती चूक झाली त्याचा अंदाजही नॅन, म्हणून स्टेप नाकारली जाते आणि पाचवा भाग करून पुन्हा प्रयत्न होतो. परत तेच. असं करत करत स्टेप संपते. सॉल्व्हर बिघडलेला नाही. टाकी कुठं संपते हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

दोन गोष्टी करा, दोन्ही करा:

फंक्शनच्या आत उंची = मॅक्स(वाय[०], ०). हे स्थानिक नावात करायचं. वाय[०] = मॅक्स(...) असं कधीही लिहू नका, तो ॲरे सॉल्व्हरचा आहे, तुम्ही त्याच्या वहीत खाडाखोड केल्यासारखं होतं आणि उत्तर गुपचूप चुकतं.

मग इव्हेंट. एक फंक्शन जे उंची − ०.००१ परत करतं. त्याला टर्मिनल = ट्रू आणि डायरेक्शन = −१ चिकटवा. उंची १ मिलिमीटरवर आली की गणित थांबेल आणि स्टेटस १ मिळेल. ० म्हणजे दिलेल्या कालावधीच्या शेवटापर्यंत गेला, १ म्हणजे इव्हेंटने थांबवला, −१ म्हणजे फसला. आलेख काढण्याआधी हा आकडा बघायची सवय लावा.

#६ अनगोळ_गणित
वर्गमूळ नकोच असेल तर चल बदला. यू = उंचीचं वर्गमूळ घेतलं की समीकरण उरतं: यू उतरण्याचा वेग = −के ÷ २. स्थिर! आलेख सरळ रेषा, नॅनचा प्रश्नच मिटला. सॉल्व्हरला त्रास होतो तो बऱ्याचदा आपण निवडलेल्या चलामुळे.

#७ फौंड्री_कट्टा
@अनगोळ_गणित, सर, कागदावर झकास. पण वरून नळ सोडला की काय होतं बघा. आत येणारं पाणी क्यू धरलं तर यूचा वेग = (क्यू ÷ यू − के) ÷ २. म्हणजे रिकाम्या टाकीपासून भरायला घेतलीत की पहिल्याच क्षणी शून्यानं भागाकार. उंचीच्या रूपात तिथं काहीच अडचण नव्हती. एका टोकाचा खड्डा बुजवून दुसऱ्या टोकाला खणलात.

#८ अनगोळ_गणित
होय, मान्य. आवक नसेल तेव्हाच वापरावं.

#९ निपाणी_चारचौकी
नळाचा विषय निघालाच आहे तर मोटारीचं सांगतो, कारण खरी चूक लोक तिथं करतात. समजा पाणी ०.३ मीटरवर आलं की मोटार चालू, ०.९ वर गेलं की बंद. पहिला मोह होतो तो उतार फंक्शनमध्येच इफ लिहून एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये मोटार_चालू ठेवायचा. हे चालत नाही. करदंटांनी #५ मध्ये सांगितलंय तसं सॉल्व्हर पुढं जाऊन डोकावतो, स्टेप नाकारतो, मागं येतो. डोकावताना ०.२९ दिसलं की तुमचा झेंडा उलटतो. सॉल्व्हर मागं आला तरी झेंडा उलटलेलाच. दरवेळी टॉलरन्स (किती चूक चालेल तो आकडा) बदलला की वेगळं उत्तर येतं, आणि माणूस टॉलरन्सला दोष देत बसतो.

बरोबर रीत: मोटार चालू हा एक प्रश्न, मोटार बंद हा दुसरा. बाहेर एक व्हाइल लूप. एका अवस्थेत इव्हेंटपर्यंत सोडवा, शेवटची वेळ आणि शेवटचा कॉलम उचला, अवस्था पालटा, तिथून पुन्हा सुरू करा. तुकडे शेवटी जोडा.

यात एक खोच आहे. ०.३ वर थांबलात आणि पुन्हा तोच ०.३ चा इव्हेंट घेऊन सुरुवात केलीत, तर इव्हेंटची किंमत सुरुवातीलाच शून्य असते आणि तो तिथल्या तिथं पुन्हा पेटू शकतो. लूप जागच्या जागी फिरत राहतो. म्हणून मोटार चालू असताना फक्त ०.९ चा इव्हेंट द्या, बंद असताना फक्त ०.३ चा.

#१० शून्य_भागिले
+१. आणि मोटार पुरेशी आहे का ते आधी हातानं बघा. १ मीटर उंचीला या भोकातून सेकंदाला १.३० लिटर जातं. मोटार ०.८ लिटरच देत असेल तर पाणी (०.८ ÷ १.३०४६) चा वर्ग, म्हणजे ०.३७६ मीटरवर जाऊन टेकतं. ०.९ कधी येणारच नाही, इव्हेंट कधी पेटणार नाही. प्रत्येक तुकड्याला कालावधीची वरची मर्यादा द्या आणि स्टेटस ० आला तर लूपमधून बाहेर पडा.

#११ मार्कंडेय_काठ
साकु साकु, एवढं एकदम नको! आर्ग्ज आणि नॅन सुटलं. आता क्लास करताना नवीन भानगड: इव्हेंट मेथड म्हणून लिहिला आणि सेल्फ.रिकामी.टर्मिनल = ट्रू केलं, तर ॲट्रिब्यूट एरर. फंक्शनला चिकटतं, मेथडला का नाही?

#१२ हलगा_हब
कारण सेल्फ.रिकामी ही बांधलेली मेथड आहे. तिच्यावर ॲट्रिब्यूट लिहिता येत नाही, पण वाचता येतं, कारण वाचताना ती मागच्या मूळ फंक्शनकडे बघते. म्हणून क्लासच्या अंगातच, डेफ रिकामी संपल्यावर, डेफच्याच रांगेत रिकामी.टर्मिनल = ट्रू लिहा. तिथं रिकामी अजून साधं फंक्शन असतं. नंतर सॉल्व्हरला सेल्फ.रिकामी दिलं की टर्मिनल बरोबर वाचलं जातं.

क्लासची घडण मी अशी ठेवीन. वर फ्रोझन डेटाक्लास: क्षेत्रफळ, व्यास, गुणांक. प्रत्येकापुढे कॉमेंटमध्ये एकक. के हा आत काढायचा, बाहेरून घ्यायचा नाही. मग उतार(सेल्फ, वेळ, वाय), इव्हेंट, आणि सुरुवातीची अवस्था देणारी एक मेथड. एवढं पुरे. पॅरामीटर सेल्फमध्ये गेले की आर्ग्जची कटकटच उरत नाही. सायपायच्या ओडीईसॉल्व्हर क्लासपासून वारसा घेऊ नका. तो नवीन पद्धत लिहिणाऱ्यांसाठी आहे, नवीन प्रश्न लिहिणाऱ्यांसाठी नाही.

लॅम्डा वापरणाऱ्यांसाठी: फॉर लूपमध्ये पाच के घेऊन पाच लॅम्डा यादीत साठवले आणि नंतर सोडवले, तर पाचही शेवटचाच के वापरतात. आलेखात पाच रेषा एकावर एक दिसल्या की हेच कारण.

#१३ बेळगावी_कुंदा
जुन्या ओडीईइंटवरून येणाऱ्यांनी आणखी एक बघा. तिथं डीफॉल्ट क्रम वाय आधी, वेळ नंतर. इथं वेळ आधी. टाकीच्या प्रश्नात [०] न लावता नुसतं वाय लिहिलं आणि क्रम उलट दिला तर वेळेचं वर्गमूळ निघतं आणि आलेख दिसायला अगदी गुणी दिसतो! उत्तराचा आकारही उलटा: इथं प्रत्येक अवस्था एक ओळ, तिथं एक कॉलम.

#१४ घटप्रभा_गेज
हिडकलचं नाव निघालं म्हणून. टाकीचा कोड धरणाला लावताना गणित तेच राहतं, आकड्यांची जात बदलते. हिडकलची क्षमता सुमारे ५१ टीएमसी (१ टीएमसी = १ अब्ज घनफूट), म्हणजे १४४ कोटी घनमीटर. डीफॉल्ट सापेक्ष टॉलरन्स ०.००१. म्हणजे भरलेल्या धरणात एकेका स्टेपला १४ लाख घनमीटर इकडेतिकडे चालेल असं तुम्ही सॉल्व्हरला सांगताय. आणि निरपेक्ष टॉलरन्स ०.०००००१ घनमीटर, म्हणजे एक मिलिलिटर! एकाला अर्थ नाही, दुसऱ्याला काम नाही.

माझा सल्ला: साठा टीएमसीत, वेळ दिवसांत. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) दिवसभर वाहिलं की १ टीएमसी होतं, हा एकच गुणक लक्षात ठेवायचा. आवक-जावक क्युसेकमध्ये मिळते, तिला ११,५७४ ने भागा, झालं. मग निरपेक्ष टॉलरन्स तोच ठेवलात तरी तो २८ घनमीटर होतो, चालण्याजोगा. सापेक्ष मात्र ०.०००००१ करा.

चल म्हणून उंची घेऊ नका, साठा घ्या. धरणाच्या तळाचं क्षेत्रफळ उंचीगणिक बदलतं. साठ्याचं समीकरण म्हणजे आवक वजा जावक, त्यात भागाकारच नाही. साठ्यावरून पातळी काढायला तक्ता असतोच. त्याला पीचिप इंटरपोलेटर (तक्त्याच्या मधल्या किमती काढणारा) लावा. क्युबिक स्प्लाइन तक्त्याच्या बिंदूंमध्ये फुगू शकतो, आणि मग साठा वाढला तरी पातळी उतरल्याचं दिसतं.

#१५ चिकोडी_ऊस
@घटप्रभा_गेज अण्णा, आवक तासातासाची असेल तर? एनपी.इंटर्प (दोन नोंदींमधली किंमत काढणारं फंक्शन) थेट उतार फंक्शनमध्ये घालू काय?

#१६ घटप्रभा_गेज
घाला की, पण दोन काळज्या घ्या. आठ दिवस आवक जवळपास शून्य आणि मग घाटमाथ्यावर दोन तास धो धो, असं असेल तर सपाट भागात सॉल्व्हरची स्टेप इतकी मोठी झालेली असते की तो ते दोन तास सरळ ओलांडून जातो. त्याला पाऊस दिसतच नाही. मॅक्स_स्टेप एक तास ठेवा, दिवसांत १÷२४. टी_इव्हल दाट दिल्यानं हे सुटत नाही; टी_इव्हल फक्त उत्तर कुठं छापायचं ते ठरवतं, स्टेप बदलत नाही.

दुसरं, इंटर्प तक्त्याच्या बाहेर गेला तर तक्रार करत नाही, टोकाची किंमत धरून पुढं चालतो. जुलैची नोंद शेवटच्या दिवशी ४०,००० क्युसेकवर संपली आणि तुम्ही ऑगस्टपर्यंत सोडवलंत, तर ऑगस्टभर ४०,००० वाहणार.

नदीचा टप्पाही करणार असाल तर मस्किंगमला (टप्प्यातून पूर पुढं कसा सरकतो ते काढायची रीत) आवक जशीच्या तशी लागते, पण लोक समीकरण जावकीच्या रूपात लिहितात आणि मग आवकीचा वेग लागतो, जो तासाच्या नोंदीतून दातेरी निघतो. इथंही साठाच चल घ्या. जावक = (साठा ÷ के − एक्स × आवक) ÷ (१ − एक्स). इथला के टाकीचा नव्हे; के आणि एक्स हे त्या टप्प्याचे स्थिरांक. वेग कुठंच लागत नाही. पूर चढताना सुरुवातीला जावक जरा उणे दिसली तर सॉल्व्हरवर चिडू नका, तो मस्किंगमचाच जन्मदोष आहे.

#१७ फौंड्री_कट्टा
पाण्याचं झालं, आता जरा उद्यमबागेकडे, बेळगावच्या कारखान्यांकडे या. साच्यातलं ओतकाम थंड होताना दोन चलं घेतली: ओतकामाचं तापमान आणि ते मोजणाऱ्या थर्मोकपलचं तापमान. थर्मोकपल सेकंदात सावरतो, साचा दहा तास घेतो. आरके४५ ला दहाही तास त्या एका सेकंदाच्या धाकात, तीनेक सेकंदांच्या स्टेपनं चालावं लागतं, आलेख सरळ असला तरी. याला स्टिफ म्हणतात. ओळखायची खूण: उत्तर गुळगुळीत, पण एनएफईव्ही (फंक्शन किती वेळा बोलावलं तो आकडा) अवाढव्य. मेथड रॅडाऊ किंवा बीडीएफ करा, कैक पटींनी कमी होईल.

उत्सर्जनाच्या पदात तापमानाचा चौथा घात असतो, तो केल्विनमध्येच हवा. १३५० अंश सेल्सियस म्हणजे १६२३ केल्विन. सेल्सियस तसाच घातला तर उष्णता निम्म्याहून कमी निघते, आणि ओतकाम संध्याकाळऐवजी उद्या निघतं. आणि गोठताना सुप्त उष्णता येते तिथं तापमानाऐवजी एन्थाल्पी (साठलेली एकूण उष्णता) हे चल घ्या. तेच जे घटप्रभांनी साठ्याबद्दल सांगितलं.

#१८ खानापूर_कौल
कौलाच्या भट्टीची भिंत करायची तर तिचे थर पाडा आणि प्रत्येक थराचं तापमान एक चल. विटेची उष्णता-विसरणता साधारण ०.०००००५ च्या दहाव्या भागाइतकी, चौरस मीटर प्रति सेकंद. १ सेंटिमीटरचा थर घेतला तर साध्या ऑयलरला १०० सेकंदांची स्टेप चालते; १ मिलिमीटर घेतला तर १ सेकंदाची. थर दहापट बारीक, स्टेप शंभरपट लहान. आरके४५ थोडं जास्त सोसतो, पण जात तीच. एलसोडा ही मेथड घेऊन एलबँड आणि युबँड दोन्ही १ द्या. प्रत्येक थर फक्त शेजाऱ्याशी बोलतो हे त्याला कळतं आणि काम चटकन उरकतं.

#१९ मार्कंडेय_काठ
सगळ्यांचे आभार, #१२ प्रमाणे क्लास झाला, चालतोय. आता मूळ प्रश्न. हातानं २ ÷ के = १५३३ सेकंद. सॉल्व्हर १४८४.६ वर थांबतो. टॉलरन्स कितीही कसला तरी तेच. ४८ सेकंद गेले कुठं? शिवाय ताळ्याचं सूत्र (१ − के × वेळ ÷ २) चा वर्ग २००० सेकंदांपर्यंत काढलं तर टाकी पुन्हा भरताना दिसते!

#२० चिकोडी_ऊस
मग मोटार कशाला हवी, सूत्रच वर चढवा की.

#२१ गोकाक_करदंट
ते ४८ सेकंद शेवटच्या एका मिलिमीटरचे. इव्हेंट ०.००१ वर ठेवलाय ना आपण. वर्गमूळ ०.०३१६, म्हणजे एकूण वेळेच्या ३.१६ टक्के तिथंच जातात. तुमचा कोड बरोबर आहे. सूत्र मात्र १५३३ पर्यंतच खरं. पुढे कंसातली संख्या उणे होते आणि वर्ग तिला धन करून टाकतो.

खरं तर तो मिलिमीटर मोजायचाच नाही. पाण्याची उंची भोकाच्या व्यासाएवढी उरली की भोवरा पडतो, हवा शिरते आणि हे समीकरणच लागू राहत नाही. इव्हेंट ०.०३ वर ठेवा. १२६७ सेकंद येतील. त्याखालचं सूत्र सांगू शकत नाही.

#२२ फौंड्री_कट्टा
आणि ०.६ हा गुणांक धारदार काठाच्या भोकाचा. भोकाला पाइपचा आखूड तुकडा जोडलेला असेल तर ०.८ च्या आसपास जातो, १५३३ चे ११५० होतात. टॉलरन्समध्ये पाच शून्यं वाढवण्याआधी टाकीखाली वाकून बघा.

#२३ मार्कंडेय_काठ
पाइप आहे, वीतभर. आणि २५ मिलिमीटर हे दुकानात सांगितलेलं माप.

#२४ शून्य_भागिले
मग कॅलिपर लावून आतून मोजा. आतला व्यास २३ निघाला तर क्षेत्रफळ वर्गाने घटतं, वेळ १८ टक्के वाढतो.